परदेशातील गोल्फ स्पर्धा आणि सराव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात गोल्फ शिकलो आणि गेली काही वर्षे व्यावसायिक खेळाडू म्हणून थायलंड व मलेशिया येथील स्पर्धांत उतरत आहे. आशियाई टूरचे पूर्ण कार्ड, म्हणजे तिच्या स्पर्धांत वर्षभर खेळण्याचा हक्क, अद्याप माझ्या हाती नाही. त्यामुळे पुढील उत्तरे वाटेवर असलेल्या खेळाडूची आहेत, असे समजून ती वाचावीत. तरुण खेळाडू आणि त्यांचे पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, तेच येथे घेतले आहेत.

भारतात व्यावसायिक स्पर्धांची मालिका असताना परदेशात जाण्याची गरज काय?

गरज सर्वांनाच असते असे नाही. २००६ साली स्थापन झालेली पीजीटीआय ही आपली व्यावसायिक मालिका आज जागतिक क्रमवारीचे गुण देते आणि तिच्या वार्षिक गुणवत्ता यादीत पहिला येणाऱ्याला युरोपातील डीपी वर्ल्ड टूरचे दार उघडते. २०२२ साली मनू गंडास, २०२३ साली महूचे ओमप्रकाश चौहान आणि २०२४ साली वीर अहलावत याच वाटेने तिकडे गेले. मात्र ही जागा वर्षाला एकच असते. उरलेल्या सगळ्यांना पुढच्या पायरीसाठी परदेशातील पात्रता स्पर्धा किंवा आशियाई डेव्हलपमेंट टूर यांचा आधार घ्यावा लागतो.

दुसरे कारण खेळाच्या जडणघडणीचे आहे आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. पुण्या-मुंबईत वाढलेला खेळाडू वर्षानुवर्षे त्याच दोन-तीन कोर्सवर खेळतो. कोणत्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू कुठे वळतो हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते आणि त्यालाच तो आपले कौशल्य समजतो. त्यातला किती भाग कौशल्य आहे आणि किती नुसती ओळख आहे, हे अनोळखी जमिनीवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. थायलंडमधील हुआ हिनच्या पहिल्या दौऱ्यात मला ते कळले, आणि ते कळणे सुखाचे नव्हते.

परदेशातील स्पर्धांत प्रवेश कसा मिळतो?

मुख्य मार्ग क्यू-स्कूलचा, म्हणजे पात्रता स्पर्धेचा आहे. आशियाई टूरच्या क्यू-स्कूलचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा निरनिराळ्या ठिकाणी होतो आणि अंतिम टप्पा अलीकडच्या वर्षांत थायलंडमधील हुआ हिन परिसरात होत आला आहे. अंतिम टप्प्यात पाच फेऱ्या, म्हणजे ९० होल खेळावे लागतात आणि पहिल्या ३५ स्थानांवरील खेळाडूंना, बरोबरीत असलेल्यांसह, कार्ड मिळते. ज्यांना ते मिळत नाही ते डेव्हलपमेंट टूरवर खेळतात. २०१० साली सुरू झालेल्या या दुय्यम मालिकेच्या गुणवत्ता यादीतील आघाडीच्या मोजक्या खेळाडूंना वर्षअखेरीस मुख्य टूरवर बढती मिळते.

काही टूरवर सोमवारची पात्रता फेरी असते, ज्यात एका दिवसाच्या खेळावर त्याच आठवड्याच्या स्पर्धेतील हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या जागा ठरतात. अर्जुन अटवाल यांनी २०१० साली अमेरिकेतील विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये असाच सोमवारी प्रवेश मिळवला, रविवारी ती स्पर्धा जिंकली आणि ते पीजीए टूर या अमेरिकेतील मुख्य मालिकेतील स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय ठरले. हे उदाहरण स्फूर्तिदायक आहे, परंतु त्यावर वर्षाचे नियोजन बेतू नये.

क्यू-स्कूलसाठी आधी व्यावसायिक व्हावे लागते का?

नाही. अदिती अशोक यांनी डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोत लेडीज युरोपियन टूरची पात्रता स्पर्धा हौशी खेळाडू म्हणून खेळली, ती जिंकली आणि त्यानंतरच, २०१६च्या आरंभी, त्या व्यावसायिक झाल्या. त्याच वर्षी त्यांनी भारतातील महिला इंडियन ओपनही जिंकली. हौशी दर्जा सोडण्याची घाई करू नये, कारण एकदा तो सोडला की हौशींचा राष्ट्रीय संघ, अमेरिकन विद्यापीठांची शिष्यवृत्ती आणि हौशी अजिंक्यपद स्पर्धा हे मार्ग बंद होतात. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीच्या प्रवेश अटी मात्र मुळातून वाचाव्यात.

गवतामुळे खरोखर इतका फरक पडतो का?

पडतो, आणि परदेशात प्रथम जाणारे भारतीय खेळाडू फटके गमावतात ते बहुतेक येथेच.

गोल्फमध्ये ज्याला बर्म्युडा म्हणतात ते गवत म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही याच गवताच्या असतात आणि आग्नेय आशियातील ग्रीनवर त्याचेच बारीक पात्यांचे संकर लावलेले असतात. या गवताचा एक स्वभाव असा की त्याची पाती आडवी, एका दिशेला झुकून वाढतात. या झुकण्याला खेळाडू ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने मारलेला पट, म्हणजे ग्रीनवर होलकडे घरंगळत नेलेला फटका, अपेक्षेपेक्षा पुढे धावतो, विरुद्ध दिशेने मारलेला आखडतो आणि आडव्या ग्रेनमध्ये चेंडू उताराच्या विरुद्ध बाजूलाही रेंगाळू शकतो. उभ्या जागेवरून गवत चकचकीत, फिके दिसले तर ग्रेन आपल्यापासून दूर जात आहे आणि गर्द, काळसर दिसले तर तो आपल्याकडे येत आहे, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. होलची कडा नीट पाहिली तरी कळते, कारण ग्रेन ज्या दिशेला जातो त्या बाजूची कड दुपारपर्यंत विस्कटलेली, करपलेली दिसते.

पुण्यातही हरळीच असते. मग अडचण काय, असे मला सुरुवातीला वाटत असे. अडचण वेगाची असते. स्पर्धेसाठी तयार केलेली ग्रीन अधिक खाली कापलेली आणि रोलर फिरवलेली असते. तिथे दोन फूट पुढे गेलेला पट थांबत नाही, आणखी तीन फूट जातो. माझ्या पहिल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत मी पाच वेळा तीन पट घेतले आणि त्यातील चार वेळा पहिला पट होलच्या पलीकडे गेला होता.

ग्रीनच्या भोवतालचे गवत हा आणखी वेगळा धडा असतो. समुद्रालगतच्या अनेक कोर्सवर पास्पॅलम नावाचे गवत लावतात, कारण ते खारे पाणी सोसते. त्याची पाती जाड आणि चिवट असतात. ग्रीनबाहेर पडलेला चेंडू त्यात घरंगळत पुढे जात नाही, जागीच चिकटतो, म्हणून आपल्याकडील सवयीप्रमाणे चेंडू अलीकडे टाकून पुढे पळवण्याची चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका) तिथे आखूड पडते. तो चेंडू हवेतूनच ग्रीनवर नेऊन टाकावा लागतो. झॉयसिया गवताच्या फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या पट्ट्यावर, चेंडू जणू ब्रशच्या केसांवर ठेवल्यासारखा उंच बसतो आणि आयर्न, म्हणजे धातूच्या पातळ तोंडाचा क्लब, मारणे सुखाचे होते. मलेशियात काही ठिकाणी रुंद पात्याचे गवत असते, ज्याला तिथे काउग्रास म्हणतात. त्याच्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, क्लबचे तोंड हमखास फिरते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील फेस्क्यूवर मी अजून खेळलेलो नाही, म्हणून त्याविषयी लिहीत नाही.

मग सराव भारतात करून केवळ स्पर्धेपुरते गेले तर चालते का?

स्विंगचा सराव कुठेही होतो. रेंजवरील चेंडूला आपण कोणत्या देशात आहोत याने काही फरक पडत नाही. शॉर्ट गेमचे, म्हणजे ग्रीनजवळच्या फटक्यांचे, तसे नाही. मी आता स्पर्धा गुरुवारी असेल तर आधीच्या शुक्रवारी पोहोचण्याचा प्रयत्न करतो आणि पहिले दोन दिवस कोर्सवर उतरतही नाही. ते दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ग्रीनच्या कडेला जातात : एकाच जागेवरून तीन निरनिराळ्या वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने) चिप मारायची, चेंडू कुठे पडला आणि कुठे थांबला ते पावलांनी मोजायचे आणि वहीत लिहायचे. त्यानंतर दोन सराव फेऱ्या. त्यांत मी गुण मोजत नाही. दुसऱ्या दिवशी झेंडा जिथे असण्याची शक्यता आहे त्या जागांकडे पट मारतो आणि चुकायचे झाल्यास कोणत्या बाजूला चुकावे याची खूण यार्डेज बुकात, म्हणजे कोर्सच्या नकाशावहीत, करतो.

या चार-पाच दिवसांचा खर्च पालकांना अनेकदा निरर्थक वाटतो. दोन स्पर्धांना प्रत्येकी तीन दिवस आधी जाण्यापेक्षा एका स्पर्धेला आठवडाभर आधी जावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. अनोळखी गवतावर घाईने खेळलेल्या दोन स्पर्धांतून मला फक्त दोन पावत्या मिळाल्या होत्या.

उंची, उष्णता आणि वारा यांचा हिशेब कसा करावा?

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि हुआ हिन समुद्रकाठी. उंचावरील हवा विरळ असल्याने चेंडू थोडा अधिक जातो. पुण्यात १६० यार्ड जाणारा आयर्न समुद्रकाठी सुमारे तीन यार्ड कमी जातो. तीन यार्ड ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण ग्रीनसमोर पाणी असेल तर तेवढ्यानेच दोन फटके जातात. योहान्सबर्गसारख्या १७०० मीटरवरच्या ठिकाणी हाच फरक उलट दिशेने आणि बराच मोठा असतो. म्हणून नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी प्रत्येक क्लबचे अंतर पुन्हा मोजावे.

दमट हवेत चेंडू जड होतो अशी समजूत आपल्याकडे सर्रास आढळते. प्रत्यक्षात दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते आणि त्याचा अंतरावरचा परिणाम नगण्य असतो. दमटपणाचा खरा त्रास हातांना होतो. एका फेरीत मला चार हातमोजे लागतात आणि छत्रीच्या काड्यांना कोरडा टॉवेल अडकवूनच मी टीवर, म्हणजे होल सुरू करण्याच्या जागी, जातो. क्यू-स्कूलच्या काळात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, हुआ हिनला हवा कोरडी असते, मात्र दुपारी वारा सुटतो. सकाळी लवकर सुरुवात करणारा आणि दुपारी सुरुवात करणारा यांना एकाच दिवशी दोन वेगळे कोर्स मिळतात, असे म्हटले तरी चालेल.

वादळ आले तर खेळ कसा थांबतो?

भोंग्याचे संकेत पाठ असलेच पाहिजेत. एक लांब भोंगा म्हणजे धोका आहे, तत्काळ थांबा. चेंडूसमोर उभे असाल तरी तो फटका मारायचा नाही, अन्यथा दंड होतो. तीन आखूड भोंगे म्हणजे साधी स्थगिती, ज्यात गटाने होल सुरू केला असेल तर तो पूर्ण करण्याची मुभा असते. दोन आखूड भोंगे म्हणजे खेळ पुन्हा सुरू. आग्नेय आशियात विजांची वादळे नित्याची असतात, त्यामुळे दोन-तीन तास क्लबहाऊसमध्ये बसून पुन्हा सहा फुटांच्या पटसमोर उभे राहण्याची तयारी ठेवावी. अशा वेळी मी पोटभर जेवत नाही आणि दर अर्ध्या तासाने अंग मोकळे करतो.

कॅडी येथून न्यावा की तिथला घ्यावा?

कॅडी म्हणजे क्लबची बॅग वाहणारा मदतनीस. सुरुवातीच्या वर्षांत तो तिथलाच घ्यावा. थायलंडमध्ये बहुतेक कोर्सवर कॅडी घेणे बंधनकारक असते आणि बहुतेक कॅडी स्त्रिया असतात. उन्हापासून बचावासाठी लांब बाह्या आणि मोठ्या कडांची टोपी घालून त्या रोज तेच अठरा होल चालतात. त्यांच्या इंग्रजीत शब्द थोडे असतात, पण ‘लेफ्ट, वन कप’ (एक होलरुंदी डावीकडे) एवढे पुरेसे होते. माझ्या डोळ्यांना पट उजवीकडे वळेल असे दिसत असताना त्यांनी डावीकडे बोट दाखवले, मी ऐकले नाही आणि पट चुकला, असे एकाच फेरीत तीनदा झाल्यावर मी ग्रेनच्या बाबतीत वाद घालणे सोडले. क्लब कोणता घ्यायचा हा निर्णय मात्र स्वतःचाच ठेवावा, कारण आपला आयर्न किती जातो हे त्यांना माहीत नसते.

आपल्याकडे कॅडीखेरीज पुढे उभा राहून चेंडूवर नजर ठेवणारा आगेवालाही असतो. तिथे तो नसतो. चेंडू कुठे गेला हे स्वतःच्या डोळ्यांनी शेवटपर्यंत पाहण्याची सवय येथूनच लावून घेतली तर शोधाशोधीची तीन मिनिटे आणि एक दंड वाचतो.

खर्च किती येतो आणि पैसा कुठून आणावा?

माझ्या वहीप्रमाणे थायलंड किंवा मलेशियातील एका स्पर्धेच्या आठवड्याला विमान, निवास, स्थानिक प्रवास, जेवण, कॅडी, सराव फेरी आणि प्रवेशशुल्क धरून साधारण एक लाख ते सव्वा लाख रुपये लागतात. क्यू-स्कूलचे शुल्क याहून वेगळे आणि डॉलरमध्ये भरावे लागते. याच्या समोर उत्पन्नाची बाजू ठेवून पाहावी. एक लाख डॉलरच्या डेव्हलपमेंट टूर स्पर्धेत विजेत्याला १७,५०० डॉलर मिळतात. कट, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतरची गाळणी, पार करून तळाशी राहिलेल्याच्या हाती काही शे डॉलर पडतात आणि त्यात आठवडाभराचा खर्चही निघत नाही. कट हुकलेल्याला काहीच मिळत नाही.

म्हणून मी पालकांना सांगतो की पहिली दोन वर्षे शिक्षणाचा खर्च समजून धरावीत आणि त्यासाठीची रक्कम आधी बाजूला ठेवावी. घर किंवा दागिने गहाण ठेवून मुलाला क्यू-स्कूलला पाठवू नये. कर्जाचा हप्ता डोक्यात घेऊन मारलेला चार फुटांचा पट कसा असतो ते मी अनुभवले आहे : हात थरथरत नाहीत, पण लक्ष होलवर राहत नाही. मी आठवड्याचे तीन दिवस लहान मुलांना शिकवतो, देशातील स्पर्धा खेळतो आणि क्लबमधील काही सदस्यांनी मिळून दिलेल्या मदतीतून वर्षाला चार ते पाच परदेश दौरे करतो. मदत देणाऱ्यांना मी दर स्पर्धेनंतर गुण, खर्च आणि चुका यांचे एक पानी पत्र पाठवतो. खेळ वाईट झाला तेव्हा तर ते अधिक काळजीने लिहितो. मदत टिकली आहे ती बहुधा त्यामुळेच.

निवासासाठी दोन-तीन भारतीय खेळाडूंनी मिळून घर घेणे स्वस्त पडते. बँकॉकहून हुआ हिन रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर आहे आणि तीन तास लागतात. एकत्र गाडी केली तर तोही भार हलका होतो.

बक्षिसावर तिथे कर कापतात का?

बहुतेक देशांत रक्कम हाती येण्यापूर्वीच कर कापला जातो. भारतात निवासी असलेल्या खेळाडूला ते उत्पन्न येथील विवरणपत्रातही दाखवावे लागते आणि दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार तिथे भरलेल्या कराची वजावट मागता येते. त्यासाठी कर कापल्याचा कागद लागतो. तो स्पर्धेच्या कार्यालयातून त्याच आठवड्यात मागून घ्यावा.

क्लब विमानातून नेताना काय काळजी घ्यावी?

ड्रायव्हरचे, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचे, डोके सुटे होत असेल तर ते काढून मोज्यात गुंडाळावे आणि बॅगेत सर्वांत लांब क्लबपेक्षा उंच अशी आधारकाठी ठेवावी, म्हणजे बॅग उलटी आपटली तरी भार शाफ्टवर येत नाही. अंतर मोजणाऱ्या लेझरमधील बॅटरी लिथियमची असते; लेझर हातातील पिशवीत ठेवावा. एका प्रवासात माझी बॅग दोन दिवस उशिरा आली आणि मी सराव फेरी उसन्या क्लबवर खेळलो. तेव्हापासून पटर (पट मारण्याचा क्लब), बूट आणि एक डझन चेंडू यांची यादी बॅगेच्या झाकणावर चिकटवलेली असते आणि बूट मी विमानात पायातच घालतो. पटर केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, हे अनेकांना विमानतळावर कळते.

शाकाहारी खेळाडूची सोय होते का?

होते, पण आपोआप होत नाही. थायलंडमध्ये भाज्यांच्या पदार्थातही मत्स्यसॉस असतो. ‘जे’ हा शब्द सांगितला की पूर्ण शाकाहारी, बहुधा कांदा-लसूण नसलेले जेवण मिळते. फेरीसाठी मी घरूनच शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर नेतो.

कट हुकल्यावर उरलेले दोन दिवस काय करावे?

परतीचे तिकीट लगेच बदलू नये. शुक्रवारी संध्याकाळी मी कोणाशी फारसे बोलत नाही, हे खरे आहे. शनिवारी सकाळी मात्र शेवटच्या गटांबरोबर चालत जातो आणि आघाडीचे खेळाडू ग्रीन चुकल्यावर काय करतात एवढेच पाहतो. त्यांचे ड्रायव्हर माझ्यापेक्षा फार लांब जात नाहीत. त्यांच्या चिप होलपासून चार फुटांत थांबतात आणि माझ्या नऊ फुटांवर. हे अंतर चार फेऱ्यांत किती फटक्यांचे होते, ते मोजून पाहावे.

राखीव यादीत नाव असेल तर जावे का?

जवळ असाल तर जावे. पुण्याशी नाते असलेले उदयन माने यांचे नाव टोकियो ऑलिंपिकच्या साठ जणांच्या यादीत मुळात नव्हते. जुलै २०२१ मध्ये अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलो यांनी माघार घेतल्यामुळे त्यांना जागा मिळाली. आमच्या पातळीवर हे दर आठवड्याला घडते, पण राखीव खेळाडू टीजवळ हजर असावा लागतो. मलेशियात एकदा मी सकाळी सहापासून पटिंग ग्रीनवर उभा होतो आणि शेवटचा गट निघून गेल्यावर, दुपारी दीडला बॅग आवरली. पुढच्या वेळी पावणेसातला माझे नाव पुकारले गेले. बूट बांधलेले होते, चेंडूंवर खूण केलेली होती आणि खिशात दोन टी (चेंडू ठेवण्याच्या खुंट्या) होत्या, म्हणून मी वेळेत पहिल्या टीवर पोहोचलो. ती फेरी ७१ची झाली.